कोणत्या पाण्याने भिजावे?

मृगाचे पहिले चार शिंतोडे पडून रस्त्यावरची धूळ पुरती खाली बसण्यापूर्वीच मुंबई-पुण्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थाच्या अंतःकरणात दोन महत्त्वाकांक्षा एकदमच जागृत होतात. यंदाच्या वर्षाऋतूत सह्याद्रीच्या एखाद्या तरी गडावर भर पावसात जायचेच, ही पहिली; आणि तेथे गेल्यावर अंगाला पाणी लागू द्यायचे नाही, ही दुसरी. या दोहोंचे आपापसांत जमण्यासारखे नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही अशातला भाग नाही. परंतु परस्परविरोधी इच्छांचा तंटा बाजारात रोख पैसे मोजून मिटवता येतो अशी त्याची पिढीजात श्रद्धा असते, आणि त्या श्रद्धेला अनुसरून तो मृगाच्या पहिल्याच रविवारी गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानाची पायरी चढतो.

एके काळी हा व्यवहार इतका गहन नव्हता. शाळा उघडण्याच्या सुमारास वडील मुलाला दुकानात नेत, 'वाढत्या अंगाचा' एक रेनकोट मागत, आणि दुकानदारही कोणतीच पृच्छा न करता दोन मापे मोठा असा एक काळा ऐवज पुढे टाकी. तो दुसरीत असताना मुलाच्या घोट्यांपर्यंत येई, पाचवीत गुडघ्यांशी थांबे आणि सातवीत धाकट्या भावाच्या नावावर चढे. सुरेंद्रमोहन बसू यांनी १९२० साली कलकत्त्यास काढलेल्या बंगाल वॉटरप्रूफ वर्क्सचा 'डकबॅक' ज्या घरात असे त्या घराकडे शेजारीपाजारी काहीशा आदराने पाहत. रेनकोटाकडून अपेक्षा एवढीच असे की दप्तर भिजू नये. मुलगा भिजला तर टॉवेल घरात होताच. अपेक्षा माफक असल्यामुळे फिर्यादीही माफक असत.

आता मात्र रेनकोट घेणे हे जमीन खरेदी करण्याहून बिकट झाले आहे, कारण जमिनीच्या सातबाऱ्यावरील आकडे निदान कोणीतरी समजावून सांगू शकतो. परवा माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या आग्रहावरून मी त्यांच्यासमवेत अशा एका दुकानात गेलो होतो. गृहस्थांचे अवघे आयुष्य सरकारी हिशेबतपासणीच्या दफ्तरात गेलेले; सबब कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि कोणताही आकडा सोडायचा नाही, अशी त्यांची दुहेरी शिस्त. दुकानातल्या तरुण विक्रेत्याने एक निळे जाकीट आणून गल्ल्याच्या टेबलावर पसरले, पाण्याच्या बाटलीचे टोपण काढले आणि कोणतीही प्रस्तावना न करता बाहीवर पाणी ओतले. पाण्याचे टपोरे थेंब झाले, ते थेंब बाहीवरून घरंगळत टेबलावर, टेबलावरून गृहस्थांच्या चपलेवर आले, आणि बाही होती तशी कोरडी राहिली.

"बघा साहेब, थेंब कसा पळतो! एक टिपूस आत जाणार नाही. दहा हजारचं आहे."

"किंमत?"

"किंमत नाही साहेब, रेटिंग. किंमत साडेआठ."

"दहा हजार काय पण?"

"मिलिमीटर."

"कशाचे?"

"पाण्याचे साहेब," तरुण म्हणाला. आणि त्याच्या मुद्रेवरून असे दिसले की यापलीकडचा प्रश्न आजपावेतो त्याला कोणी विचारलेला नाही.

गृहस्थांनी क्षणभर डोळे मिटले. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे, हे जाकीट महाबळेश्वरचा एक संपूर्ण पावसाळा पचवून दुसऱ्याच्या उत्तरार्धापर्यंत टिकाव धरील, आणि आपण तर केवळ एका रविवारी लोहगडावर जाणार, म्हणजे बराच मोठा साठा शिल्लक राहणार, असा हिशेब त्यांनी मला कानात सांगितला. हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक काढण्यास जागा नव्हती. फक्त त्या दहा हजारांचा पावसाशी काही संबंध नव्हता.

वस्तुतः हा आकडा असा काढतात: कापडाचा तुकडा ताणून बसवायचा, त्याच्या एका अंगास पाण्याचा दाब द्यायचा, आणि तो दाब वाढवीत वाढवीत दुसऱ्या अंगास पाण्याचे बिंदू फुटेपर्यंत जायचे. तो दाब पाण्याच्या किती उंच स्तंभाइतका झाला ते मिलिमीटरांत लिहायचे. दहा हजार म्हणजे दहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा उभा जलस्तंभ. आता आकाशातून पडणाऱ्या थेंबाचा दाब त्या मानाने अगदीच क्षुल्लक. खरा दाब देतो तो आपणच. सॅकचे बंद खांद्यावर रुततात तेथे, ओल्या कातळावर बैठक मारतो तेथे, चढताना गुडघा टेकतो तेथे कापडावर जे वजन येते, त्याच्यासाठी ही मोठी रक्कम राखून ठेवलेली असते. म्हणजे जाकीट पावसापुढे हार खात नाही, ते मालकापुढे हार खाते. शिवाय त्या बाटलीच्या प्रयोगात थेंब पळाले ते या आकड्याच्या प्रतापाने नव्हेच. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणाऱ्या रसायनाचा एक पातळ लेप असतो, त्याची ती करामत. हा लेप चिखलाने, सॅकच्या घर्षणाने, चुलीच्या धुराने आणि घरी गेल्यावर प्रेमाने वापरलेल्या साबणाच्या पुडीने हळूहळू निकामी होतो. मग बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते, आणि आतला पडदा शाबूत असूनही मालकास आपण गळक्या छपराखाली उभे आहोत असे वाटू लागते. या लेपांपैकी सर्वांत गुणी असे जे फ्लोरिनयुक्त लेप होते, ते निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत म्हणून आता उत्पादक एकामागून एक ते सोडून देत आहेत. तेव्हा बाटलीतले पाणी बाहीवर ओतणे हा प्रयोग नव्या जाकिटावर कधीच फसत नाही. तो जुन्या जाकिटावर करून दाखवणारा दुकानदार मला अद्याप भेटायचा आहे.

"आणि साहेब, हे श्वास घेतं," तरुणाने दुसरा पत्ता टाकला. "घाम बाहेर, पाऊस बाहेर."

गृहस्थ नित्यनेमाने प्राणायाम करणारे असल्यामुळे श्वास घेणाऱ्या वस्तूंविषयी त्यांच्या मनात आधीपासूनच अनुकूलता होती. त्यातून याही गुणाला आकडा होता: वीस हजार ग्रॅम. एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत इतकी वाफ बाहेर पडते असा त्याचा अर्थ. गृहस्थांनी पुन्हा डोळे मिटले. वीस हजार ग्रॅम म्हणजे वीस लिटर. आपल्याला जन्मात कधी दिवसाला वीस लिटर घाम आलेला नाही. म्हणजे याही खात्यात शिल्लकच!

या श्वास घेणाऱ्या कापडाची जन्मकथा मात्र खरोखरच मनोरंजक आहे. टेफ्लॉन म्हणून जो पदार्थ आपल्या तव्यांना लावलेला असतो, त्याच पदार्थाच्या तापवलेल्या कांड्या ताणून लांब करण्याचा उद्योग अमेरिकेत बॉब गोर नावाचे गृहस्थ १९६९ साली करीत होते. हलक्या हाताने, सावकाश, शास्त्रोक्त पद्धतीने ताणले की कांडी तुटे. अखेरीस वैतागून त्यांनी एका कांडीला जोराचा हिसका दिला, आणि ती न तुटता कित्येक पटींनी लांब झाली. त्या हिसक्यातून जो सच्छिद्र पडदा निघाला तोच पुढे १९७६ पासून गोरटेक्स या नावाने बाजारात आला. त्याच्या एका चौरस इंचात नऊशे कोटी छिद्रे असून प्रत्येक छिद्र पाण्याच्या थेंबाहून वीस हजार पट लहान व वाफेच्या कणाहून सातशे पट मोठे असते, असे उत्पादक सांगतात. ती छिद्रे मोजण्यास कोणी बसले नसावे; पण तत्त्व निर्विवाद खरे आहे. धीराने जे साधले नाही ते वैतागाने साधले, ही नोंद मात्र आपल्या सुभाषितकारांच्या नजरेतून कशी निसटली कोण जाणे.

तत्त्व खरे असूनही सह्याद्रीत ते लागू का पडत नाही, ही माझ्या मते या सबंध प्रकरणातली मुद्द्याची गोष्ट आहे. आणि ती कोणत्याही जाकिटाच्या चिठ्ठीवर छापलेली नसते. वाफ पडद्यातून बाहेर जाते ती पडद्याची आज्ञा म्हणून नव्हे. आत वाफेची दाटी अधिक व बाहेर कमी असली म्हणजे ती आपण होऊन कमी दाटीकडे निघते. हिमालयात शून्य अंशाच्या आसपासची हवा एका घनमीटरात पाच ग्रॅमही वाफ सामावून घेऊ शकत नाही, त्यामुळे बाहेर मोकळे मैदान असते आणि अंगातली वाफ आनंदाने तिकडे जाते. आषाढातल्या राजमाचीच्या वाटेवर हवा चोवीस अंशांची आणि वाफेने काठोकाठ भरलेली: घनमीटरामागे जवळपास बावीस ग्रॅम! आत आणि बाहेर यांतला फरक हिमालयाच्या मानाने निम्म्याच्या घरात येतो. त्यात बाहेरचे कापड भिजून त्यावर पाण्याचा थर बसला, म्हणजे उरलेल्या छिद्रांनाही झाकण लागले. इकडे मालक पाठीवर ओझे घेऊन खडी चढण चढत असतो आणि तासाला लिटरभर घाम गाळत असतो. परिणामी दोन तासांनी जाकीट उघडून पाहावे तो आतून शर्ट पिळून काढण्याजोगा! पावसाने भिजवले नाही म्हणून जाकिटाचे वचन पाळले गेले, आणि मालक भिजला म्हणून पावसाचेही. घाटमाथ्यावर माणसाला कोरडे राहण्याचा हक्क नाही. आपल्या पाण्याने भिजावे की आकाशाच्या, एवढीच निवड करण्याची त्याला मुभा आहे.

हा कज्जा काही आजचा नव्हे. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी नॅफ्थ्यात विरघळवलेल्या रबराचा थर दोन कापडांच्या मध्ये घालून जलाभेद्य वस्त्र तयार केले आणि १८२३ साली त्याचे पेटंट मिळवले, तेव्हाच या दाव्याची पहिली सुनावणी झाली. ते वस्त्र थंडीत ताठर होई, उन्हाळ्यात चिकटे आणि बाराही महिने दर्प सोडी. त्यावर कडी म्हणजे शिंप्यांनी त्याचे कोट शिवायला घेतले आणि सुईच्या प्रत्येक टाक्यातून पाणी आत येऊ लागले. रबराला गंधक व उष्णता देऊन वठणीवर आणण्याची युक्ती पुढे १८४०च्या सुमारास गुडइयर आणि हॅनकॉक यांनी काढली, त्यामुळे चिकटणे थांबले. पण आतल्या घामाचे काय करावे हा प्रश्न त्यांनीही पुढच्या पिढ्यांच्या हवाली केला. टाक्यांची गोष्ट आजही जशीच्या तशी आहे. महागातले महाग कापड घेऊन त्याची शिवण आतून पट्टीने बंद केलेली नसेल, तर पाणी थेट त्या टाक्यांची वाट धरते. जाकीट पारखताना बाटलीभर पाण्याकडे न बघता ते उलटे करून खांद्याच्या व काखेच्या शिवणी बघाव्यात. पण ग्राहक जाकीट उलटे करू लागला की विक्रेत्याचा चेहरा पडतो, आणि मराठी माणूस मुळात भिडस्त.

निरोप घेताना त्या तरुणाने आपला हुकमी एक्का काढला: "साहेब, एव्हरेस्टवाले हेच वापरतात." या शिफारशीने भलेभले विरघळतात, म्हणून तिचा परामर्श घेणे प्राप्त आहे. एव्हरेस्टच्या माथ्याकडे पाऊस पडत नाही. तेथे बर्फ पडतो, आणि बर्फ झटकता येतो. तेथे खरा शत्रू वारा व थंडी. १९२४ साली जॉर्ज मॅलरी त्या पर्वतावर गेले ते रेशीम, सूत व लोकर यांच्या थरांवर गॅबार्डिनचा कोट चढवून. गॅबार्डिन म्हणजे सूत आधी जलरोधक करून मग घट्ट विणलेले कापड, ज्याचे पेटंट थॉमस बर्बरी यांनी १८८८ साली घेतले होते. मॅलरींचा देह १९९९ मध्ये सापडला, त्यावरच्या कपड्यांचा अभ्यास करून तसाच पोशाख नव्याने बनवण्यात आला आणि २००६ मध्ये तो एव्हरेस्टवर नेऊन अंगावर घालून पाहिला, तेव्हा तो हलका, सुखकर व वाऱ्याला दाद न देणारा ठरला. म्हणजे एव्हरेस्टवर शंभर वर्षांपूर्वीचे गॅबार्डिनदेखील चालते. त्याच गॅबार्डिनची लोहगडावर श्रावणसरींत काय दशा होईल याचा अंदाज कोणत्याही धोब्याला करता येईल. एव्हरेस्टचा दाखला लोहगडाच्या कचेरीत ग्राह्य धरता येत नाही.

इतक्या विचारविनिमयानंतर माणसे प्रत्यक्ष गडावर येतात तेव्हा त्यांचे निरीक्षण करण्यासारखे असते. पायथ्याच्या टपरीवर मक्याच्या कणसांशेजारी टांगलेला, कांद्याच्या सालीइतका पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा अंगरखा घेऊन निघालेला एक वर्ग आहे. करवंदीच्या पहिल्या जाळीशी त्याची एक बाही जाते, दुसऱ्या वळणावर दुसरी. आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत त्या गृहस्थाच्या गळ्यात केवळ एक कॉलर शिल्लक राहते. राहिलेला अंगरखा जाळीवर पुढच्या वर्षापर्यंत फडफडत असतो, आणि त्याबद्दल कोणावरही खटला होत नाही, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे मोठेच वैगुण्य होय. दुसरा वर्ग पोंचोवाल्यांचा. पोंचो हा डोक्यातून घालायचा सैल घोळ. तो माणसाला व त्याच्या पाठीवरच्या सॅकला एकत्र कवेत घेतो, खालून हवा खेळती ठेवतो, आणि जंगलातल्या सपाट वाटेवर त्याच्यासारखे सुख नाही. परंतु लोहगडाच्या विंचूकाट्यावर पवनेच्या बाजूने वारा सुटला की तो मागून उचलला जाऊन पुढे तोंडावर येतो, आणि मग दोन्ही बाजूंना तुटलेला कडा असलेल्या त्या चिंचोळ्या सोंडेवर, स्वतःच्याच वस्त्राने आंधळा झालेला एक इसम हात पसरून "अरे, धरा कोणी!" असे ओरडत उभा राहतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या उतरतानाही पोंचोमुळे स्वतःची पावले दिसत नाहीत, आणि १६४६ मीटर उंचीच्या शिखरावरून उतरताना पावले दिसणे हे माझ्या मते चैनीत मोडत नाही.

तिसरा वर्ग स्कूटरवरचा दोन तुकड्यांचा रेनसूट तसाच गडावर घेऊन येणाऱ्यांचा. स्कूटरवर माणूस बसलेला असतो, पाऊस समोरून येतो आणि घाम गाळण्याचे काम इंजिन करते. या तिन्ही गोष्टी गडावर उलट्या होतात, आणि रेनसूटच्या विजारीत शिरलेले पाणी बाहेर जाण्यास मार्ग न सापडून बुटात मुक्काम करते. चौथा वर्ग तरुणांचा. "आम्ही भिजायलाच आलोय," अशी घोषणा करीत हे सुती बनियन व जीनच्या विजारी घालून निघतात. तत्त्वतः मी त्यांच्याच पक्षाचा. पण सुती कापड पाणी सोडत नाही, जीन तर ते जन्मठेपेच्या कैद्याप्रमाणे धरून ठेवते. आणि माथ्यावर वारा लागून दातखीळ बसू लागली की याच पक्षाचे कार्यकर्ते इतरांच्या सॅकमधल्या कोरड्या शर्टांची चौकशी करीत हिंडतात. छत्रीवाले वृद्ध मात्र मला अतिशय आवडतात. मावळातल्या बैलगाडीच्या रस्त्यावर छत्रीइतकी हवेशीर, बिनघामाची व तात्काळ मिटणारी दुसरी वस्तू नाही. फक्त पठार लागताच ती मिटून तिला काठीच्या कामाला लावावे, उघडण्याचा आग्रह धरू नये.

या सगळ्या पोशाखांच्या रचनाकारांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाऊस वरून खाली पडतो. हे गृहीतक ज्यांना तपासून पाहायचे असेल त्यांनी जुलैत नाणेघाटात जावे. सातवाहनांच्या काळापासून कोकणातून वर येणारा माल या घाटाने आला, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तेथे आहे. आता त्याच वाटेने वारा येतो, आणि कड्यावरून खाली पडू पाहणारा धबधबा उलटा वर फेकून देतो. तेथे पाणी हनुवटीखालून टोपीत शिरते, बाहीच्या तोंडातून कोपरापर्यंत चढते आणि जाकिटाच्या खालच्या घेरातून पोटावर येते. टोपीचे काम त्या वेळी वाडग्याचे होते.

अशा प्रदेशात ज्यांचा जन्म गेला त्यांनी काय तजवीज केली, हे पाहावे म्हणून मी मावळातल्या एका वाडीखाली लावणी चाललेल्या खाचरांच्या बांधावर थांबलो होतो. गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायामाणसांच्या पाठीवर इरली होती. बांबूच्या कामट्यांची जाळीदार विणलेली पाठ, पूर्वी तिच्यात पळसाची पाने दाबून बसवीत, आता प्लॅस्टिकचा कागद लावतात. वरचे टोक डोक्यावर अडकवलेले आणि खालची बाजू कमरेपलीकडे उतरलेली. समोरची बाजू सताड उघडी. इरले अंगाला कोठेच चिकटत नाही, डोके सोडले तर टेकतही नाही. पाऊस पाठीवरच्या छपरावरून ओघळून चिखलात जातो, आणि छातीकडून वारा निर्वेध खेळतो. अंगातली वाफ कोणत्या छिद्रातून बाहेर काढावी हा बॉब गोर यांना पडलेला प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण आतले आणि बाहेरचे असा भेदच ठेवलेला नाही. बांधावरच्या एका आजोबांच्या डोक्यावर मात्र घोंगडीची खोळ होती. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओलसर लागत नाही आणि भिजली तरी ऊब सोडत नाही, हे प्रयोगशाळांनी अलीकडे सिद्ध केले. धनगरांनी त्यासाठी प्रयोगशाळेची मंजुरी घेतली नव्हती. आजोबांनी माझ्या जाकिटाच्या झिपा, बंद, टोपी व खिसे यांची पाहणी केली आणि विचारले,

"पाव्हणं, भिजायलाच आलात नव्हं?"

"हो."

"मग ह्यो एवढा बंदोबस्त कशापायी?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि आजोबांनाही उत्तराची निकड दिसली नाही. ते तंबाखू मळू लागले.

इरल्यात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. कारवीच्या दाटीतून ते नेता येत नाही, एसटीत दोन सीट अडवते, आणि कड्यावरच्या वाऱ्यात ते आपल्या मालकाला कोकणात पोहोचवण्याची शक्यता आहे. ते चिखलात वाकणाऱ्यांसाठी आहे, कड्यावर मिरवणाऱ्यांसाठी नाही. घोंगडी भिजली की तिचे ओझे सॅकवाल्याच्या कल्पनेपलीकडे जाते, आणि तिला मेंढराचा जो वास सुटतो त्याची सवय असावी लागते. म्हणून शहरी माणसाने मूळ स्वभावाला अनुसरून जाकीटच घ्यावे. मात्र आजोबांच्या प्रश्नाची एक प्रत त्याच्या खिशात असावी. पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंतची वाट दर जुलैत शेकडो माणसे पावसात तुडवतात, १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ती रात्र आठवून. त्यांच्यासाठी निघणाऱ्या सूचनापत्रकात 'रेनकोट आवश्यक' असे कलम हमखास असते. महाराजांबरोबर निघालेल्या मावळ्यांना असे पत्रक मिळाले असते, तर निम्मी रात्र रेटिंगची खातरजमा करण्यात गेली असती आणि सिद्दी जौहरचे काम सोपे झाले असते.

खरेदीनंतरची एक गोष्ट विक्रेता कधीच सांगत नाही. दसऱ्याच्या आसपास जाकीट घडी करून पिशवीत घालून माळ्यावर टाकतात, बहुधा थोडे दमट असतानाच. स्वस्त व मध्यम प्रतीच्या जाकिटांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेतला ओलावा माळ्यावर बसल्या बसल्या त्या लेपाचे रेणू तोडत राहतो. पुढच्या मृगाला घडी उलगडावी तो दोन्ही बाह्या एकमेकींना चिकटलेल्या. ओढून वेगळ्या केल्या की आतला लेप पांढुरक्या पापुद्र्यांनी सुटून सतरंजीवर पडतो, आणि शिवणीवरची पट्टी एका टोकाने लोंबू लागते. दुसरा पाऊस न बघताच जाकीट वारलेले असते. यावर उपाय एकच: धुवावे, सावलीत कडकडीत वाळवावे, आणि घडी न घालता हँगरला टांगावे. कपाटात जागा नाही ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. लग्नातला सूट तेथे विनाकारण टांगलेलाच असतो, त्याला माळ्यावर पाठवावे.

आता कोणी मला सरळच विचारील की अखेर घ्यावे काय, तर माझा निवाडा असा. जाकीट मध्यम किमतीचे, सैल, शिवणी आतून बंद केलेले आणि काखेत झिप असलेले घ्यावे. ती काखेची झिप त्या नऊशे कोटी छिद्रांपेक्षा अधिक वाफ बाहेर घालवते. आत सुती काही घालू नये. अंग भिजणार हे आधीच मान्य करून सगळी अक्कल सॅकच्या आतल्या मालावर खर्च करावी: सॅकवरच्या कव्हरावर विसंबू नये, पाठीच्या बाजूने पाणी आत येतेच. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात कोरड्या कपड्यांचा एक जोड बांधून ठेवावा, आणि वाटेत कितीही थंडी वाजली तरी मुक्कामाचे छप्पर लागेपर्यंत त्या पिशवीची गाठ सोडू नये. त्या चौथ्या वर्गातल्या तरुणांसाठीही नाही. अंगरखा फाटला तर त्याच्या चिंध्या खिशात घालून खाली आणाव्यात.

राहता राहिला रंग. घरातून मळखाऊ रंगाची शिफारस होईल. ती नम्रपणे पण निश्चयाने नामंजूर करून नारिंगी किंवा लाल घ्यावा. धुक्यात वाट चुकलेल्या माणसाला शोधायला गावकरी येतात तेव्हा मळखाऊ रंग त्यांना दहा पावलांवरूनही दिसत नाही.